एल्विनाची गिळलेली ओळ

वसईच्या बाजूला, समुद्राची गाज कानी येईल इतक्या जवळ, केळीच्या हिरव्यागार वाड्यांमध्ये एक इवलंसं कौलारू घर होतं. तिथे एल्विना आणि तिचे बाबा राहायचे. बाबा दुसऱ्यांच्या वाड्यांना पाणी लावायचे. स्वतःची वाडी म्हणाल, तर अंगणातलं एकुलतं एक सोनचाफ्याचं रोप. तेही आईनं लावलेलं. रोप गुडघ्याएवढं झालं आणि आई देवाघरी गेली. घरात कधी चूल पेटायची, कधी नाही. पण रोपाला पाणी घालायला एल्विना कधी चुकली नाही.

यंदा रोपाला पहिली कळी आली. इटुकली, पोपटी, नाजूकशी! मृतांच्या दिवशी, म्हणजे गेलेल्या माणसांच्या कबरींवर सगळे फुलं-मेणबत्त्या वाहतात त्या दिवशी, हे फूल आईच्या कबरीवर ठेवायचं, असं एल्विनानं ठरवलं आणि ते आळीभर सांगत सुटली.

तिथेच घात झाला. शेजारची डोमनिका ते कौतुक ऐकून ऐकून विटली. जो तो आपला चाफ्याचंच बोलतोय! एक दिवस खेळताना दोघींचं बिनसलं आणि डोमनिकानं रागाच्या भरात कळीसकट रोपाचा शेंडाच मोडला. मग स्वतःच घाबरून पळून गेली.

एल्विनानं तिच्याशी कट्टी घेतली. साधीसुधी नाही, कायमची. संध्याकाळी आळीच्या टोकाला क्रुसापाशी सगळे प्रार्थनेला जमत. 'आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' ही ओळ आली की एल्विना तोंड मिटायची. ओळ गिळायची आणि पुढच्या शब्दाला गुपचूप सगळ्यांत मिसळायची. देवापुढे खोटं कशाला बोलायचं, असं तिचं म्हणणं. आता या पोरीला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

एका संध्याकाळी ती मोडक्या रोपाला पाणी घालत होती. तोच पानाआडून केशरी उजेड झिरपला आणि बोटभर उंचीची एक परी बाहेर आली. पाकळ्यांचा पिवळाधमक झगा, दवासारखे लुकलुकते पंख.

"मी चाफ्याची परी," ती हळूच म्हणाली. "त्या कळीत माझं घर होणार होतं."

एल्विनाचे डोळे भरले. "म्हणजे तुझंही घर गेलं? मग तुला डोमनिकाचा राग नाही आला?"

"आला तर. खूप आला. पण राग उचलून उडायला गेले, तर पंख हलेचनात. शेवटी खाली ठेवला." परी पानाच्या कडेवर बसली. "तुझी एक इच्छा मी पुरी करीन. मात्र अट आहे. क्रुसापाशी सगळी प्रार्थना म्हणायची, एकही ओळ न गिळता."

हात्तिच्या, एवढंच? दुसऱ्या दिवशी एल्विनानं ती ओळ घडाघडा म्हणून टाकली. घरी येऊन पाहते तर परी मान हलवत होती.

"ओठांनी म्हणालीस, बाळा. तसं तर पोपटही म्हणतो."

एल्विना रुसली. मनात नाही ते आणायचं कुठून?

मृतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ आली. क्रुसापाशी मेणबत्त्या लुकलुकत होत्या. एल्विनाला केळीआड कुणीतरी दिसलं. डोमनिका! त्या दिवसापासून ती प्रार्थनेला आलीच नव्हती. लांबूनच हात जोडून उभी होती, आणि जोडलेल्या हातांत काहीतरी होतं. एल्विना तणतणत तिच्याकडे गेली.

डोमनिकानं ओंजळ उघडली. आत ती कळी होती, वाळून काळी पडलेली.

"जोडायला बघितली गं," ती मान खाली घालून म्हणाली. "दोऱ्यानं बांधली, पाण्यात ठेवली. नाही जगली. मी चुकले."

'जा इथून' हे शब्द एल्विनाच्या अगदी ओठांवर आले होते. पण डोमनिकाचे डोळे लाल होऊन सुजले होते, आणि एल्विनाला वाटलं, ही आपल्याइतकीच रडलीय. राग अजून होता, पण तो धरून ठेवायचा तिला कंटाळा आला होता.

"चल," ती म्हणाली. "माझ्या शेजारी उभी राहा."

एका मेणबत्तीच्या उजेडात दोघी उभ्या राहिल्या. ती ओळ आली. या वेळी ती एल्विनाच्या मनातून सबंध बाहेर पडली, आणि छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं तिला हलकं वाटलं.

अंगणात परी वाटच पाहत होती. "माग आता. एक फूल ना?"

एल्विनानं मागे उभ्या असलेल्या डोमनिकाकडे पाहिलं.

"दोन दे," ती म्हणाली. "एक हिच्या हातून आईला वाहायचंय."

परी हसली. अंगणभर सोनेरी उजेड पसरला, कौलं उजळली, केळीची पानं चमकली. उजेड ओसरला तेव्हा परी नव्हती. मात्र जिथे शेंडा मोडला होता, तिथूनच दोन कोवळ्या फांद्या फुटल्या होत्या आणि दोन्हींवर एकेक सोनचाफा घमघमत होता.

सकाळी बाबा कबरीपाशी मेणबत्ती लावत होते. एल्विनानं आपलं फूल ठेवलं आणि डोमनिकाला पुढे केलं.

"आई," ती म्हणाली, "ही डोमनिका. माझी मैत्रीण."