अर्धा दोर देवीचा

समोर तो काळा खडक दिसतोय ना, पायथ्याशी दोराचं वेटोळं असलेला, तो आमच्या तिवरबंदरचा दोरखडक. वेटोळ्यातून सुटलेलं टोक वाळूवरून पाण्यात गेलंय. जिथं कमरेएवढं पाणी लागतं तिथं दोराला गाठ मारून लाल फडकं बांधलंय. आंघोळ करायची ती त्या फडक्यापर्यंत. सकाळी दोर पाण्यात सोडल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, आणि ओहोटी लागली की दोर वर ओढायचा, माणसांनीही वर यायचं. एवढेच नियम. ग्रामपंचायतीने ते फलकावर लिहून लावलेत. लोक त्या फलकाला टेकून फोटो काढतात आणि सरळ गाठीच्या पलीकडे जातात. मी शिट्टी फुंकतो. सत्त्याहत्तर वर्षांच्या गणू तारीची शिट्टी कोण ऐकतो, ते तुम्ही मघाशी पाहिलंतच.

पण तुमच्यातल्या या ताईंनी एक प्रश्न चांगला विचारला. म्हणाल्या, हा दोर कुणाचा, आणि वेळ आली तर हात लावायला कुणाची परवानगी लागते? त्यासाठी तुम्हाला बसावं लागेल. बसा त्या होडीच्या सावलीत. आता ओहोटी लागेलच, पाण्यात जाऊन करणार काय?

ही गोष्ट किती जुनी ते कुणालाच ठाऊक नाही. माझ्या आजोबांच्या आजोबांनीही ती ऐकलेलीच होती, म्हणे. तेव्हा गावात एकच रापण होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीने ते समुद्रात गोल टाकून येतात आणि दोन्ही बाजूंचे दोर धरून अख्खा गाव ते वाळूवर ओढतो. मासळीचे वाटे घरटी पडतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही. रापणीचा प्रमुख तो तांडेल. त्या काळचा तांडेल होता धाकू.

लागोपाठ तीन वर्षं समुद्राने गावाला काही दिलं नाही असं सांगतात. जाळं वर यायचं ते शेवाळ घेऊन. जुने दोर कुजले, नवे वळायला कुणाच्या अंगात त्राण नव्हतं. त्या तीन वर्षांत गावातली अकरा माणसं गेली, बहुतेक लहान पोरं. तेव्हा धाकूने टेकडीवरच्या माऊली देवीला नवस केला. गाव नवा दोर वळेल. मासळी लागली तर त्यातला अर्धा दोर तुझा, त्याला पुन्हा माणसाचा हात लागणार नाही. मग घरोघरी काथ्या वळला गेला आणि सव्वाशे वाव दोर झाला. दोन्ही हात पसरले की जेवढं अंतर होतं तेवढा एक वाव. पहिल्याच ओढीला तारली मासळी इतकी लागली, म्हणे, की जाळं वाळूवर घ्यायला लेकुरवाळ्या बायकाही धावल्या.

धाकूने शब्द पाळला. साठेक वाव दोर तोडून त्याने देवळात नेला आणि माऊलीच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात वेटोळं करून ठेवला. उरलेल्यात रापण कशीबशी भागवायची असं ठरलं. गावात मूठभर तरी मासळी येऊ लागली होती, आणि ती कुणामुळे येते याविषयी कुणाच्या मनात शंका नव्हती.

धाकूला एकच मुलगी, भागीरथी. ती घाटाच्या पायथ्याच्या गावात दिलेली. माघी अमावास्येला वरच्या गावांतले लोक चालत इथं समुद्रस्नानाला येत, अजूनही येतात. दोर देवळात गेल्यानंतरच्या पहिल्या माघात भागी आपल्या सासूला आणि सासरच्या बायकांना घेऊन आली. ती नऊ वर्षांनी माहेरी येत होती. धाकूने दोन दिवस आधीपासून अंगण सारवून घेतलं होतं म्हणे, जणू काही तिला अंगणच बघायचं होतं.

वरची माणसं नदीत आंघोळ करणारी. नदी कुठं नेणार ते डोळ्यांना दिसतं. समुद्राचं तसं नाही. अमावास्येला सूर्य उगवायच्या सुमाराला इथं पाणी पार तळाला गेलेलं असतं, आणि वाळूच्या दोन उंचवट्यांमधून एक पट्टा आत जातो. तिथं लाट फुटत नाही. नवख्या माणसाला वाटतं, हीच जागा शांत. खरं तर किनाऱ्यावर आलेलं सगळं पाणी तिथूनच परत जात असतं. आम्ही त्याला ओढ म्हणतो. भागीची सासू आणि तिची जाऊ हात धरून नेमक्या तिथं उतरल्या आणि दोघींच्या पायांखालची वाळू सरकली.

भागी नेसत्या लुगड्यानिशी धावली. तिने दोघींना एकेक करून बाजूच्या उंचवट्यावर ढकललं, तिथं माणसांनी त्यांना धरलं. तेवढ्यात ओढीने तिलाच उचललं आणि बाहेर नेलं. बाहेर एक खडक आहे, कासवी. तो फक्त मोठ्या ओहोटीला उघडा पडतो. तिने तो धरला आणि वर चढली. कालवांच्या कवचांनी तिचे तळवे आणि गुडघे फाटले. पण ती उभी राहिली आणि हात वर केला. किनाऱ्यावर लोकांनी हुश्श केलं असं सांगतात. मला नेहमी त्या हुश्श करणाऱ्यांची दया येते.

कारण पुढचा हिशेब गावाला उभ्या उभ्या कळला. पर्वणीला समुद्रात होडी घालत नाहीत, म्हणून सगळ्या होड्या खाडीत नेलेल्या, आणि ओहोटीने त्या चिखलात रुतून बसलेल्या. भरती आल्याशिवाय त्या हलणार नव्हत्या. आणि भरती आली की कासवी बुडणार होती.

मग रापणीचा दोर आला. भागीचा चुलतभाऊ पांडू तो कमरेला बांधून पाण्यात शिरला. पोहणारा पक्का होता. दोर संपला तेव्हा तो कासवीपासून बारा वाव अलीकडे होता. लोकांनी दोराला मुंडाशी जोडली, लुगडी जोडली. ओलं कापड ताणलं की गाठ सुटते, तशी ती सुटली. पांडूने एकदा खूण केली की मी कमरेची गाठ सोडतो. धाकूने तेव्हा स्वतःच्या हाताने दोर खेचून त्याला मागे आणला. दोरावाचून गेला असता तर दोघंही गेली असती, हे त्याला कळत होतं. भागी हे सगळं बघत होती.

गावाची नजर टेकडीकडे गेली. वर देवळात साठेक वाव दोर पडून होता. तिथं जायला, माणूस धावला तर, पान लावून होईपर्यंतचा वेळ पुरे. पांडू ओलेत्यानेच निघाला, आणि धाकूने त्याचा दंड धरला. त्या वेळी तो जे बोलला ते गावात सगळ्यांना तोंडपाठ आहे. मुलीला आमच्याकडे चेडू म्हणतात.

"माजा चेडू आसा म्हणान मी माऊलीचो दोर उचललंय, आणि उद्या परत मासळी गेली, तर गावाक तोंड खयसून दाखवू?"

अकरा माणसं गेलेली होती, ज्यांची गेली ती समोर उभी होती. त्यांच्यातलं कुणी म्हणालं असतं की उचल, तर त्याने उचलला असता. पण त्यांनाही वाटलं असणार, बाप आहे, तो ठरवील. आणि बापाला वाटत होतं, गावाने ठरवावं. शेवटी धाकू म्हणाला, माऊलीला कौल लावू. तिने हो म्हटलं तर घेऊ. आमच्याकडे कुठलीही गोष्ट कौल लावल्याशिवाय होत नाही. लग्न असो, घराचा पाया असो, हरवलेली म्हैस असो, देवीच्या पाषाणावर पाकळी चिकटवायची आणि उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. हीच आमच्या लोकांची चूक, आणि ती दुसऱ्या कुणी केली नसती.

गुरवाने पाकळी ओली केली आणि लावली. मग गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं आखूड करता येत नाही. गावच्या सीमा, मूळपुरुष, बारा वाड्यांचे देव, सगळ्यांची नावं घ्यावी लागतात, आणि प्रत्येक वाक्याला माणसं म्हणतात, व्हय म्हाराजा. देवळाच्या दारातून कासवी सरळ दिसते. तोंडाने व्हय म्हाराजा म्हणत सगळे तिकडे बघत होते, म्हणे. पाणी तिच्या घोट्यांना लागलं होतं.

गाऱ्हाणं संपलं तरी पाकळी पडेना. गुरवाने पाणी जास्त लावलं होतं असं काही जण सांगतात. पाकळी चिकटून बसली. फुंकर घालता येत नाही, पंखा हलवता येत नाही, आणि एकदा विचारल्यावर उत्तराआधी उठता येत नाही. धाकू दोराच्या वेटोळ्यापासून हातभर अंतरावर बसला होता. पाणी तिच्या गुडघ्यांना लागलं. मग कमरेला. वारा समुद्राकडून होता म्हणून तिचा आवाज वरपर्यंत आला.

"बाबा, दोर खंय आसा?"

एवढंच ती ओरडली. दुसऱ्यांदा ओरडली नाही. कदाचित तिला देवळाच्या दारातली गर्दी दिसली असेल आणि कळलं असेल. ती याच गावची होती, नवसाचं तिला माहीत होतं, पाकळी पडेपर्यंत माणसं हलत नाहीत हेही माहीत होतं.

पाकळी उजवी पडली. टेकडीवरून माणसं दोर घेऊन धावली, काही पडली, गुडघे फुटले. वाळूवर पोचली तेव्हा समोर नुसतं पाणी होतं. खाडीतली पहिली होडी त्याच वेळी चिखलातून सुटून तरंगू लागली होती. ती कासवीवर गेली, भोवती फिरली, परत आली. भागी मिळाली नाही.

धाकू नंतर सात दिवस इथं, या खडकाशी बसून होता. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर मी दोर उचलला असता, एवढंच तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. आठव्या दिवशी त्याने गावाला बोलावलं आणि दोराचे दोन्ही अर्धे एकत्र बांधले. मासळीचं काय, असं कुणीतरी दबकत विचारलं. त्यावर तो म्हणाला, "माऊली नाय म्हणूक नाय. आमीच इचारीत ऱ्हवलो."

तेव्हापासून देवीचा दोर या खडकाशी असतो. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. दोर माऊलीचा आहे आणि त्याला हात लावायला कुणालाही विचारायचं नाही. ज्याच्या हाताला तो आधी लागेल त्याने उचलायचा, मग तो या गावचा असो की नसो. गावात आजही लग्नाला कौल लागतो, पायाला लागतो, म्हशीलाही लागतो. दोराला लागत नाही. देवळातला तो डावा कोपरा मोकळाच ठेवलाय, तिथं समईसुद्धा ठेवत नाहीत.

काथ्या जाऊन नायलॉन आला, लांबी तीच सव्वाशे वाव. माझ्या हयातीत हा दोर बुडत्या माणसासाठी तीनदा पाण्यात गेला. एकदा पोचला. दोनदा नाही पोचला, कारण माणसं गाठीच्या फार पुढं गेली होती. त्यातल्या एकाची आई याच होडीला टेकून संध्याकाळपर्यंत बसली होती. मीही तिच्याजवळ बसलो. नियम सांगणं माझ्या हातात आहे, ऐकणं नाही. दोराची लांबी माझ्या हातात नाही, समुद्राची तर नाहीच.

माघी अमावास्येला आलात तर बघा. सूर्य उगवायच्या आधी गाव इथं जमतो आणि दोर पुरा सव्वाशे वाव पाण्यात सोडतो, कासवीच्याही पलीकडे जाईल इतका. अलीकडचं टोक सगळे मिळून धरतात. पहिल्या वर्षी ते धरायला भागीची सासू घाटाखालून चालत आली होती, म्हणे. तिचा हात त्याआधी कधी दोराला लागला नव्हता. वर देवळात गुरव एक पाकळी लावतो. गाऱ्हाणं घालत नाही, काही विचारत नाही. खाली कुणी व्हय म्हाराजा म्हणत नाही. पाकळी पडेपर्यंत दोर सोडायचा नाही, मग घटका लागो की दुपार होवो. पडली की देवळातली घंटा वाजते आणि आम्ही दोर ओढू लागतो.

पाण्यात भिजलेला दोर जड लागतो. टोक रिकामं आहे हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही आजही, ते टोक वाळूवर येऊन डोळ्यांना दिसेपर्यंत, कुणी एक शब्द बोलत नाही.