किंचित करपलेला मधखाऊ

रानाच्या काठावर, पिवळ्याधमक सोनकीच्या फुलांत बुडालेल्या एका झोपडीत शेवंता राहायची. वय अवघं नऊ. तिची आई मागच्या थंडीत वारली आणि तेव्हापासून त्या घरात न्याहारी एकत्र झालीच नाही. बाबा उपाशीपोटीच कुऱ्हाड घेऊन निघायचे. धाकटा गोंदू भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि वाटी सरकवून द्यायचा. त्याचे चिमुकले हात अगदी काडीसारखे झाले होते. आईसारखा हाही जाईल, अशी शेवंताला सारखी भीती वाटायची.

आई असताना रोज सकाळी मधखाऊ व्हायचा. जाडे पोहे, शेंगदाणे, तीळ आणि खोबऱ्याचे काप लोखंडी कढईत भाजायचे, निवले की मध कालवायचा, वरून दूध. मुलं उठेपर्यंत आईची कढई उतरलेली असायची, आणि मग चौघं एका परातीभोवती बसायची. शेवंताने तो खाऊ कितीदा तरी करून पाहिला. डोळ्यांत तेल घालून भाजला, एक पोहा काळा होऊ दिला नाही. गोंदू घास घ्यायचा आणि म्हणायचा, "हा आईचा नाही."

एके दिवशी रानात, मधाच्या पोळ्याखाली, तिला एक इवलीशी परी दिसली. तिचे मोरपंखी पंख मधात चिकटून बसले होते. शेवंताने झऱ्याचं पाणी आणून ते हलक्या हाताने धुतले, परकराच्या टोकाने टिपले. पंख पुन्हा झळझळू लागले, तशी परी म्हणाली, एक इच्छा माग.

"माझी आई दे."

परीने पंख मिटून घेतले. "गेलेलं माणूस मला आणता येत नाही, बाळ."

"मग तिच्या हातची चव दे."

परीने खूप वेळ विचार केला. चव मिळेल म्हणाली, पण दोन अटींवर. कढईतली पहिली मूठ दारात येईल त्याला द्यायची आणि त्याचं खाऊन होईपर्यंत त्याच्याजवळ बसायचं. आणि कढईत जे उरेल तेच वाढायचं, दुसऱ्यांदा भाजायचं नाही.

दुसऱ्या दिवशी शेवंताने डब्यातले शेवटचे पोहे चुलीवर चढवले. तेवढ्यात दारात एक म्हातारी आली, बोळक्या तोंडाची, थकलेली. शेवंताने पहिली मूठ वाटीत घातली, दुधात भिजवून मऊ करून दिली आणि शेजारी बसली. म्हातारी हळूहळू खात होती. आतून करपल्याचा वास आला. शेवंता अर्धी उठली. वाटी अजून अर्धी भरलेली होती. ती पुन्हा खाली बसली.

आत गेली तेव्हा पोह्यांच्या कडा काळ्या झाल्या होत्या. घरात दुसरं काही नव्हतं. शेवंता रडली, पण तेच निववून तिने मध कालवला आणि परात मांडली.

बाबा उंबऱ्याशीच थबकले. कुऱ्हाड खाली ठेवून ते परातीशी बसले आणि त्यांनी एक घास घेतला.

"तुझी आई रोज असंच करपवायची," ते म्हणाले. "दारात कुणी भुकेलेलं आलं की कढई विसरायची. मी रोज चिडवायचो तिला." त्यांचे डोळे भरून आले.

गोंदू भिंतीपासून सरकत सरकत आला. त्याने घास घेतला, सावकाश चावला. "हा आईचा," तो म्हणाला आणि परात स्वतःकडे ओढली.

शेवंता बाहेर धावली. म्हातारी नव्हती. रिकाम्या वाटीच्या काठावर परी बसली होती, कोवळ्या उन्हासारखी सोनेरी.

"मी जादू केलीच नाही गं," परी म्हणाली. "तुझी इच्छा अजून तशीच आहे."

शेवंताने डोळे पुसले. "मग रोज सकाळी आमच्या दारात कुणीतरी येऊ दे."

परीने तिच्या कपाळाला हात लावला. गुलाबी, सोनेरी उजेड अंगणभर पसरला आणि त्या उजेडात परी विरघळून गेली. घरात पोह्यांचा डबा काठोकाठ भरला होता.

दुसऱ्या दिवशी कढई तापते न तापते तोच दाराची कडी वाजली, आणि वाटी घेऊन आधी धावला तो गोंदू.