करंगळीचा कौल

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती फार? तर तेव्हा तिवरंब्याच्या खाडीवर पूल नव्हता, गावात एकाकडेही घड्याळ नव्हतं, आणि डास मात्र आत्ताएवढेच होते. तेव्हाची.

गावाच्या डोक्यावर राई आहे ना, ती तेव्हाही होती. देवाची राई. तिच्यातलं पान तोडायचं नाही, पडलेली काटकी उचलायची नाही. राईच्या मधोमध काळा दगड, तो राईदेव. त्याच्या पायाशी झरा. अख्खं गाव त्या झऱ्यावर जगायचं आणि अख्खं गाव कौलावर चालायचं.

कौल कसा, तर गुरवाने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि दगडाच्या छातीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावी आधी पडली तर नाही म्हणाला. विषय संपला. लोक वाटेल ते विचारायचे. म्हैस विकू का, जावई धड आहे का. एकाने तर बायको माहेरी अजून आठ दिवस राहील का असं विचारलं, आणि उजवी पडल्यावर खुशीने नारळ फोडला. असं म्हणतात, की तेव्हा तिवरंब्यात डोकं फक्त पागोटं बांधायला लागायचं.

कौल लावायचा धाकू गुरव. भला माणूस. पण त्याचं एक गुपित होतं, ते त्याच्या अंगठ्यात होतं. ज्या पाकळीवर अंगठा जरा जास्त दाबला ती चिकटून राहते आणि दुसरी पडते. हे त्याला लहानपणीच कळलं होतं. आधी त्याने ते चांगल्यासाठीच वापरलं. दोन भाऊ बांधावरून कोयते काढून उभे होते, तिथे त्याने जरा दाबलं आणि भांडण मिटलं. मग एका पोरीचं लग्न थेरड्याशी ठरत होतं, तिथेही दाबलं. असं दाबत दाबत तीस वर्षं गेली. देव हो म्हणतो की नाही, हे देवाच्या आधी धाकूला ठाऊक असायचं. रोज पूजा करायचा, पण दगडापुढे उभं राहिलं की त्याला आतून रिकामं वाटायचं. आपण ज्याच्या नावाने बोलतो तो आहे की नाही, हे विचारणार कुणाला? कौल लावणारा हाच.

आणि त्याच गावात होती ठमाई. ठमाई सुईण. गावातला चिंचोक्याएवढा पोरगा काय आणि मिशीवाला बाप्या काय, सगळे तिच्याच हातावर जन्मलेले. त्यामुळे ती कुणालाही अरेतुरे करायची, खोतालासुद्धा. खोत चिडला तर म्हणायची, "दाजी, तू पायाळू. आलास तोच उलटा, तुझं बोलणं सुलटं कुठून असणार."

तिची एक रीत होती. एखादं पोर निळं, गार, गप्प यायचं. बाकीच्या बाया रडायला लागायच्या. ठमाई त्याच्या तळव्यावर दोन बोटांनी टकटक करायची, दारावर करतात तशी, आणि विचारायची, "आहेस का?" आणि थांबायची. मग पोर टाहो फोडायचं. असं म्हणतात, की तिने विचारलं आणि आतून उत्तर आलं नाही, असं एकदाच झालं, आणि त्या दिवसापासून तिने विडा खाणं सोडलं.

आता त्या वर्षी काय झालं, की चैत्रात झरा आटायला लागला. कधी आटला नव्हता. हंडाभर पाणी जमायला अर्धा दिवस लागायचा. येसू नावाची एक बाई, नवरा गलबतावर गेलेला, नऊ महिने भरलेले, ती हंडा घेऊन राईत गेली आणि तिथेच तिला कळा सुरू झाल्या. ठमाई धावली. पण उचलून आणायला वेळ कुठला? राईत, देवासमोर, झाडाच्या मुळाशी मुलगी झाली.

झालं. चौथ्या दिवशी झरा पुरता कोरडा पडला आणि गावाने दोन आणि दोन चार केले. खोताने सगळ्यांना राईत बोलावलं. "धाकू, विचार देवाला. झरा गेला तो येसूच्या विटाळाने का?"

आता ऐका. धाकूला एक गोष्ट ठाऊक होती, ती गावात आणखी कुणालाच ठाऊक नव्हती. झऱ्यावर ऐनाचा एक जुना वृक्ष होता. पौष महिन्यात धाकूने तो गुपचूप तोडला होता आणि आपल्या गोठ्याला वासा केला होता. गुरवाचा गोठा तपासतंय कोण? पण येसू नाही असं देव म्हणाला, तर पुढचा प्रश्न हाच येणार, की मग कोण?

धाकूने डाव्या पाकळीवर अंगठा दाबला. उजवी पडली.

ठरलं, की बाराव्या दिवशी येसूने पोर घेऊन गाव सोडायचं. जायचं कुठे, तर खाडीपलीकडे. तिथे तेव्हा तिवरं, चिखल आणि कोल्ही, एवढंच होतं. येसूने फक्त विचारलं, "ओहोटीला जाऊ का? पोर भिजेल नायतर."

धाकूला आठ दिवस अन्न गेलं नाही. गोठ्यात गेला की वासा दिसायचा.

बारावा दिवस उजाडला. सगळं गाव राईत. येसू पोरीला फडक्यात गुंडाळून उभी. खोताने घरी पाहुणे आलेले शास्त्रीबुवाही आणले होते, गावाचा न्याय बघायला. निघायची वेळ झाली आणि ठमाई पुढे आली.

"माझा एक कौल लावा. गावात प्रत्येकाचा हक्क असतो. मी जन्मात कधी लावला नाय."

"येसूला राहू द्यायचं का असं विचारणार असशील तर ते झालंय," खोत म्हणाला.

"तिचं नाय विचारत. माझं आपलं साधं आहे. धाक्या, गाऱ्हाणं घाल. म्हण, बा देवा महाराजा, ही ठमी सुईण विचारते, की तू आहेस का?"

"होय महाराजा," सगळे एका सुरात म्हणाले, कारण गाऱ्हाण्याला तसं म्हणायची सवय. मग काय विचारलं ते डोक्यात शिरलं आणि सगळ्यांची तोंडं उघडीच राहिली.

ह्या वेळी काय करायचं ते धाकूला पक्कं ठाऊक होतं. देवाची अब्रू राखायची होती, गावाची राखायची होती, स्वतःची राखायची होती. त्याने डावी पाकळी अशी दाबली, की अंगठ्याचं नख पांढरं पडलं. उजवी नुसती टेकवली.

पानसुद्धा हलत नव्हतं. आणि डावी पाकळी पडली.

देव म्हणाला, नाही.

मग खोत ओरडला, "म्हणजे काय? नाही म्हणजे काय?"

"मला काय विचारतोस," ठमाई म्हणाली. "तोच सांगतोय. आणि तो नसेल तर त्या दिवशी येसूला घालवा असं कोण म्हणालं?"

खोताने शास्त्रीबुवांकडे बघितलं. शास्त्रीबुवा पुढे झाले. माणूस शिकलेला होता आणि प्रामाणिक होता, दोन्ही एका जागी क्वचित सापडतं. ते म्हणाले, "बाई, देव आहेच. तो तुमची परीक्षा बघतोय."

"म्हणजे असून नाही म्हणाला? थाप मारली?"

"थाप नव्हे."

"बरं, गंमत केली म्हणा. मग त्या दिवशी गंमत नव्हती कशावरून? हिने पोर घेऊन कोल्ह्यांत जायचं आणि त्याची गंमत?"

शास्त्रीबुवांनी दाढी खाजवली. बराच वेळ खाजवली. मग त्यांचा चेहरा उजळला. "त्याचा अर्थ असा, की मी ह्या दगडात नाही. म्हणजे फक्त दगडात नाही. तो चराचरात आहे."

गावाला हायसं वाटलं. माना हलल्या.

"चराचरात," ठमाई म्हणाली. "ह्या पोरीत?"

"पोरीत. तिच्या जिवात जो आहे तो तोच."

"येसूच्या पोटात होती तेव्हा?"

"तेव्हाही."

"राईत जे रक्त सांडलं, त्यात?"

शास्त्रीबुवांचा हात पुन्हा दाढीकडे गेला. पण माणूस प्रामाणिक, म्हटलं ना. "त्यातही."

"मग बुवा, विटाळ कुणाचा कुणाला झाला?"

शास्त्रीबुवांनी त्या दगडाला हात जोडले. मग खोताला म्हणाले, "दाजी, ह्या कौलावर मी माझी शेळीसुद्धा घराबाहेर काढणार नाही." आणि उपरणं झटकून चालू लागले.

येसू राहिली. ओहोटी लागली, सरली, भरती आली, आणि ती आपल्या पडवीत पोरीला पाजत बसली होती.

पण धाकू? बाकी सगळे हादरले होते ते देव नाही म्हणून, आणि हा एकटा भलत्याच कारणाने. तीस वर्षांत पाकळीने त्याच्या अंगठ्याचं ऐकलं नाही असं झालं नव्हतं. मग आज पाडली कुणी? देव नाही असं सगळ्या गावाने ऐकलं, आणि त्याच क्षणी धाकूला पहिल्यांदा वाटलं, की कुणीतरी आहे.

खोत म्हणाला, पुन्हा लाव. धाकूने पुन्हा दोन पाकळ्या लावल्या, नुसत्या टेकवल्या. पडेनात. संध्याकाळ झाली, पडेनात. दुसरा दिवस, तिसरा दिवस. वैशाखाचं ऊन, दगडावर हात ठेववत नाही, आणि पाकळ्या ताज्या त्या ताज्या. सात दिवस. गावाची ही पंचाईत. म्हैस विकायची की नाही हे ठरवायला लोकांना एकमेकांशी बोलावं लागलं. असं म्हणतात, की काही घरांत नवरा-बायको तेव्हाच पहिल्यांदा बोलले.

धाकू दगडासमोरून हलला नाही. सातव्या दिवशी दुपारी ठमाई भाकरी घेऊन आली.

"खा आधी."

"ठमाई, तुला कळलं होतं का गो?"

"काय?"

मग त्याने सगळं सांगितलं. अंगठा, ऐन, गोठ्याचा वासा, येसू. बोलताना लहान पोरासारखं नाक पुसत होता. ठमाईने ऐकून घेतलं.

"मला वाटलं होतं, उजवी पडेल," ती म्हणाली. "उजवी पडली असती तर पुढचं विचारणार होते."

"काय?"

"की आहेस, तर मग धाक्या तुझ्या नावाने येसूला घालवत होता त्या दिवशी गप्प का बसलास."

धाकूने भाकरी खाली ठेवली. तिने पाणी दिलं.

"मग आता तू सांग," तो म्हणाला. "तो आहे का?"

"मला काय ठाऊक रे. पोर येतं माझ्या हातात. जीव कुठून आला, आधी कुठे होता, मेल्यावर कुठे जातो, मी कुठे बघितलंय. मी नुसती विचारते, आहेस का. आणि गप्प राहते. उत्तर पोराने द्यायचं असतं. त्याच्या वतीने मी रडले तर ते जगेल काय?" तिने भाकरीचं फडकं झटकून घडी केलं. "तू तीस वर्षं देवाच्या वतीने रडतोयस, धाक्या."

मग ती उठली. जाताना तिने त्याचा उजवा हात धरला, अंगठा दुमडून मुठीत घातला आणि वर बोटं मिटवली. "जन्मलास तेव्हा तुझा अंगठा असा होता. सगळ्यांचाच असतो."

संध्याकाळी गावाने बघितलं ते असं. धाकूच्या गोठ्याचं अर्धं छप्पर खाली आलेलं, गाय आभाळाकडे बघत उभी, आणि धाकू खांद्यावर ऐनाचा वासा घेऊन राईत चाललेला. त्याने वासा झऱ्यावर ठेवला आणि सगळ्यांपुढे सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. आणि त्याचं शेवटचं वाक्य संपलं, तशा दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या. एकाच वेळी. त्यांचा आवाज झाला, असं म्हणतात. आता पाकळीचा कसला आवाज. पण झाला.

खोत म्हणाला, ह्यालाच खाडीपार घालवा. तेव्हा येसू बोलली. "खाडीपार कुणी जायचं नाय. ह्याने ऐन लावावा आणि जगवावा. आणि माझ्या पोरीला ह्याच्या गायीचं दूध घालावं." कौल न लावता गावात झालेला तो पहिला निवाडा.

पोरीचं नाव राई ठेवलं. झरा त्याच रात्री फुटला असं काही जण म्हणतात. काही जण म्हणतात, पाऊस पडल्यावर फुटला, झरे फुटतात तसा. तुम्हाला जे पटेल ते घ्या.

पुढे खूप वर्षांनी ठमाई थकली. शेवटची घटका आली तेव्हा धाकू, तोही म्हातारा, तिच्या पायाशी बसला होता. श्वास थांबला. धाकूने तिच्या तळव्यावर दोन बोटांनी टकटक केली आणि विचारलं, "आहेस का?" आणि थांबला. तेव्हा जवळच कुठेतरी तान्हं पोर रडलं. सगळ्यांनी ऐकलं. आणि त्या दिवशी गावात तान्हं पोर एकाही घरात नव्हतं, असं म्हणतात.

झऱ्यावरचा ऐन आता तिघांच्या कवेत मावत नाही. तिवरंब्यात अजून पोर जन्मलं, मग ते दवाखान्यात का असेना, की घरातली म्हातारी त्याच्या तळव्यावर दोन बोटं वाजवते. पोर आधीच ठणाणा करत असलं तरी विचारते. आणि कौल अजून लागतो, पण गुरव अंगठा मुठीत मिटून घेतो आणि पाकळी करंगळीने टेकवतो, कारण करंगळीत जोर नसतो. पहिल्या प्रश्नाला तर पाकळीच लावत नाहीत. सगळं गाव मिळून विचारतं, "आहेस का?"

आणि मग एक श्वासभर सगळे गप्प राहतात. त्याच्या वतीने कुणी बोलत नाही.