आधी सुनेचं तोंड

फार वर्षांपूर्वी, कुंभेरीच्या ओढ्याला बारा महिने पाणी असायचं तेव्हा, गावात भिवरा नावाची बाई होती. तिचा बाप बैलबाजारातला दलाल. बैलाचा जबडा उघडून दात पाहिले की बाप त्याचं वय सांगायचा, दुखणं सांगायचा. दाढ सडली की जनावर चारा टाकतं आणि मग अंगच टाकतं, हे भिवरा त्याच्या शेजारी बसून शिकली. पण ती विद्या माणसाला लावायचं तिला सुचलं ते थोरली बहीण गेल्यावर. बहिणीची आधी दाढ दुखली, मग ताप आला, मग धाप लागली आणि ती गेली. तिच्या तोंडात डोकावून बघावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. तेव्हापासून कुणी सांधे धरल्याचं सांगत येवो की छातीत धडधडल्याचं, भिवरा आधी त्याला तोंड उघडायला लावायची. तिने चिमटा लावला की माणसाला कळायच्या आत दाढ तिच्या तळहातावर यायची, असं म्हणतात.

तिला चीड होती ती एका गोष्टीची. पुरुष तिच्याकडे आपल्या पायांनी यायचे, बायकांना कुणी येऊ द्यायचं नाही. सुनेने मोठ्यांसमोर तोंड पदराआड ठेवायचं, दाढ ठणकली तर मिश्री लावायची आणि चुलीपुढे बसायचं. भाजलेल्या तंबाखूच्या त्या भुकटीने हिरडी बधिर व्हायची, ठणका थांबायचा आणि आतली कीड निवांत खाली उतरत राहायची. घरच्यांना वाटायचं, बरी झाली. भिवराचा संताप व्हायचा, आणि का होऊ नये?

एका वर्षी पोळ्याला चार दिवस उरले असताना पाटलांची धाकटी सून सुंदरा अंथरुणाला खिळली. अंग तापाने फणफणलेलं, गाल सुजलेला, चार पावलं टाकली तरी धाप. सहा महिन्यांपूर्वी तिचं मूल पोटातच गेलं होतं. पाटलांनी देवऋषी बोलावला. त्याने बाहेरची बाधा सांगितली आणि कडुलिंबाच्या डहाळ्यांनी त्या तापलेल्या पोरीला झोडपून काढलं. सगळं घर उभं राहून बघत होतं.

भिवराला हे कळलं तशी ती हातातलं काम टाकून पाटलांकडे गेली. पाटील अंगणात नव्या बैलाची शिंगं घासत होते. मला पोरीचं तोंड बघू द्या, असं ती म्हणाली. आमच्या घरातली सून चारचौघांत पदर बाजूला करत नाही, असं पाटलांनी सुनावलं. भिवरा जागची हलली नाही.

"पाटील, ह्यो बैल घेतलासा तवा त्याचा जबडा कुणी उघडला?"

"म्याच. न बघता कोन घेतंय?"

"आन् सुनंचा? तीन वर्सं झाली तिला या घरात. पोरीला घास चावतोय का, येकदा तरी कुणी बघितलं?"

पाटील शिंग सोडून बाजूला झाले. पाटलीणबाई स्वतः गालात मिश्री धरून दारात उभ्या होत्या. त्यांनी चूळ भरली, आत गेल्या आणि सुंदराला धरून उन्हात घेऊन आल्या.

भिवराने पदर सारला, चिमटा लावला आणि दाढ काढली. मागोमाग वाटीभर पू आला. ती दाढ जिथे पडली तिथे बारा वर्षं गवत उगवलं नाही, असं म्हणतात. मग मिठाच्या पाण्याच्या आणि बाभळीच्या सालीच्या काढ्याच्या चुळा सुरू झाल्या. पोळ्याच्या सकाळी ताप उतरला.

त्या दिवशी पाटलांचा सजवलेला बैल वेशीत येऊन थांबला. ओढून झालं, चुचकारून झालं, पण तो पाऊल टाकेना. शेवटी सुंदरा चालत वेशीपर्यंत आली, तेव्हा कुठे तो पुढे निघाला, असं म्हणतात. पुढच्या पोळ्याला तिच्या कडेवर मुलगी होती.

भिवरा पिकल्या वयात गेली तेव्हा तिच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात होते, असं म्हणतात. कुंभेरीत आजही पोळ्याच्या सकाळी बैल ओढ्यावर नेण्याआधी घरातली सून अंगणात पाटावर बसते. सासरा आरसा धरून तिच्या तोंडावर ऊन पाडतो आणि सासू तिची एकेक दाढ बघते. नव्या सुना लाजतात, त्यांना लाजू देतात, पण सोडत नाहीत. ज्या घरात हे होत नाही, त्या घरचा बैल वेशीत उभा राहतो आणि सारा गाव त्या घरधन्याकडे वळून बघतो.