‘डॉग’ या शब्दाचं मूळ

“...पण हा ‘डॉग’ आला कुठून, बाबा?”

चिरागशहा फकीर दर्ग्यामागे, कडुनिंबाखाली खड्डा खणत होता. शेजारी गोणपाटाखाली त्याचा म्हातारा कुत्रा. पहाटेच गेलेला.

प्रोफेसर त्र्यंबकराव नेवासकर दगडावर बसले होते, मांडीवर कोशाचं बाड उघडून. इंग्रजी-मराठी कोश. तेवीस वर्षं चाललेला. त्यांच्या घरातले उंदीरसुद्धा म्हणे एव्हाना अकारविल्हे कुरतडायला शिकले होते.

अर्थ सगळे सापडले, त्यांनी सांगितलं. कुत्रा. हलकट माणूस. पाठ न सोडणं. जुने इंग्रज कुत्र्याला सरसकट ‘हाउंड’ म्हणत. मग हा ‘डॉग’ कुठून तरी आला आणि त्याच्या जागेवर बसला. कुठून, ते विलायतेतल्या पंडितांनाही ठाऊक नाही. ते आता आपणच शोधणार. दुसऱ्या कुणाचं ते काम नाही. बाबांना मुक्या जिवांचं कळतं असं ऐकलं, म्हणून टेकडी चढून आलो.

“नाही सापडलं तर?”

“कोश अडेल. आणि कोश पुरा झाल्याशिवाय मी जालन्याला जायचा नाही.”

“जालन्याला काय आहे?”

“मुलगी. कुमुद. अकरा वर्षं माझ्याशी बोलत नाही... तिच्या लग्नाच्या वेळी मी ‘सी’वर होतो. जाणं झालं नाही.”

“आणि आता?”

“‘डी’वर.”

फकिराची कुदळ क्षणभर थांबली. मग पुन्हा चालू लागली.

प्रोफेसरांनी घसा खाकरला. “याचं नाव काय होतं?”

“ठेवलं नाही.”

“मग हाक कशी मारायचात?”

फकिराने झोळीतून वाळकी भाकरी काढली आणि मोडली. कट्.

गोणपाट हललं नाही.

“अशी,” फकीर म्हणाला. “तेरा वर्षं.”

त्याने कुत्र्याला उचलून खड्ड्यात निजवलं, अर्धी भाकरी त्याच्या तोंडापाशी ठेवली आणि वर माती लोटली.

“तुमची पोर कशाने यायची, प्रोफेसरसाहेब?”

बाडाची पानं वाऱ्याने फडफडत होती. प्रोफेसरांनी त्यांच्यावर हात दाबला.

“लहान असताना... मी हे बाड मिटलं की धप् असा आवाज व्हायचा. बाबांचं झालं, म्हणून ती माजघरातून धावत यायची.”

फकिराने ढिगावरची माती तळव्याने थोपटली. उघड्या बाडाकडे पाहिलं. मग जालन्याच्या दिशेला.

“आता फार जोरात मिटावं लागेल.”