सर्वांत स्पष्ट चेहरा

जंगलातले प्राणी फोटो काढायचे, त्या काळची गोष्ट. त्यांचं एक छायाचित्र मंडळ होतं. ज्याचा चेहरा फोटोत सर्वांत स्पष्ट येई, त्याच्यामागून सगळ्यांनी संध्याकाळी पाणवठ्यावर जायचं, असा मंडळाचा नियम होता.

एका सभेत फोटोचा विषय होता ‘आपलं मंडळ’. जुना पेटीकॅमेरा म्हणाला, “माझा डोळा बराच वेळ उघडा राहतो. जो हलेल, तो फोटोतून पुसला जाईल.”

“ससोबा, कान आवरा!” माकड म्हणालं.

“तू आधी खाजवणं थांबव,” हरिणीने मान वेळावत टोमणा मारला. मोर शेवटपर्यंत पिसारा सावरत राहिला.

फोटो धुऊन झाला. त्यात बसायचे दगड तेवढे होते. मंडळातलं कुणीच नव्हतं. मागच्या करवंदीच्या जाळीत मात्र एक बिबट्या बसलेला होता, मिशीचा केस न् केस दिसावा इतका स्पष्ट.

“हा... हा आपला सभासद नाही ना?” ससा पुटपुटला.

“नियमात सभासदच हवा, असं कुठे म्हटलंय?” मोर म्हणाला.

मागे वळून बघायचं धाडस कुणालाच झालं नाही. जाळीतून हलकेच आवाज आला, “निघूया का?”

मंडळ नियमाचं पक्कं होतं. सगळे मुकाट्याने रांगेत उभे राहिले.