ठमी आणि वऱ्हाड

इंजिनं बोलायची त्या काळी पिंपळखुट्याच्या आडवळणी लाइनवर ठमी नावाचं बुटकं इंजिन दोन डबे ओढायचं. एकदा तिकडे वऱ्हाड निघालं, तेव्हा मेलगाडीचा धिप्पाड गजेंद्र म्हणाला, "नवरदेव काय या किटलीमागे बसणार? मी नेतो. तू आचारी आणि पातेली घेऊन पुढे हो."

"तिकडचे रूळ हलके आहेत, दादा."

"मला शिकवू नकोस."

अर्ध्या वाटेत रूळ वाकले आणि गजेंद्र पोटापर्यंत चिखलात रुतला. मुहूर्त टळणार म्हणून नवरदेव रडकुंडीला आला. तेवढ्यात पातेली उतरवून ठमी परत आली आणि तिने वऱ्हाड आपल्या डब्यांत घेतलं.

"आणि मला कोण ओढणार?" गजेंद्रने विचारलं.

"तुमच्या तोलामोलाचं कुणीतरी लागेल, दादा," ठमी म्हणाली. "पण तेही इथवर आलं की रुतेलच."